तहानेपुढची कोरी जागा

इतवारा मोहल्ल्यातली मालूबाई शाळेत गेली ती दुसरीपर्यंतच, पण तिच्या पेटीत अरबीची वही होती. नवरा चुडामण एकोणीस वर्षं मस्कतला फरशा बसवायच्या कामावर होता. सुटीवर आला की तिकडचे शब्द वहीत उतरवी आणि बायकोला मोठ्यानं वाचून दाखवी. दुकान म्हणजे दुक्कान, साबण म्हणजे साबून, खिसा म्हणजे जेब, पेटी म्हणजे संदूक.

“हे तर आपल्या बजारातलेच शब्द,” मालूबाई म्हणे. “चोरले का हो त्यांनी?”

“उलटं आहे ते. आपणच आणले त्यांच्याकडून.”

“मग परत मागायला आले तर सांगा, जेब फाटली म्हणून!”

चुडामण गेला तो तीन दिवस तळमळून गेला. पण शेवटी मालूबाईनं आपल्या हातानं त्याच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं, तापीचं पाणी घातलं. माणूस तहानलेला गेला नाही, एवढं एक तिच्या जीवाला समाधान होतं.

मग एकुलता एक मुलगा रोहित सर्बियात गेला, हॉटेलच्या रसोईत कामाला. दोन वर्षांत तिथल्याच येलेना नावाच्या पोरीशी त्यानं लग्न केलं. मालूबाई दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी डोळे पुसून तिनं पेटीतून वही काढली. तिच्या लेखी परदेश एकच. घरातला माणूस जातो तिथं अरबीच बोलत असणार. महिनाभर घोकून तिनं व्हिडिओ फोनवर सुनेला खणखणीत आवाजात विचारलं, “कैफ हालिक?” म्हणजे, कशी आहेस?

येलेनानं बिचारीनं गोंधळून रोहितकडे बघितलं. रोहित हसता हसता खाली बसला.

“आई, तिच्या बापालासुद्धा अरबी येत नाही गं. यांची भाषा वेगळी!”

“मग तुझ्या बापाची वही काय लोणच्यावर झाकू?”

पण वही वाया गेली नाही. रोहित म्हणाला, बाजूला एक रेघ मार. दर रविवारी तो एक-दोन शब्द सांगे. एका बाजूला चुडामणच्या हातचं अरबी, दुसऱ्या बाजूला मालूबाईच्या मोडक्या अक्षरातलं सर्बियन. साबून तर सापुन, जेब तर जेप, संदूक तर सांदुक. ‘बहिणीच दिसतात दोघी,’ असं मालूबाईला वाटलं. पण आकडे आले आणि गाडी अडली. अरबीत दोन-तीनला इतनेन, तलाता. सर्बियनमध्ये द्वा, त्री. दिराला देवेर म्हणतात म्हणे, आणि सुनेला स्नाहा.

शेजारच्या वैजयंतीबाई शाळेतून रिटायर झालेल्या. मालूबाईनं त्यांना ओट्यावर गाठलं.

“बाई, या अरबी-सर्बियन दोघींची ओळख नुसती बजारातली आहे. सौदा करता करता शब्द इकडचे तिकडे झाले. पण सर्बियन आपल्या नात्यातली निघाली. दीर, सून, दोन, तीन, हे कोणी दुकानातून आणतं का?”

“मालूबाई, एवढं कळायला लोक कॉलेजात जातात.”

“जाऊ द्या बिचाऱ्यांना. त्यांना सून नसेल परदेशातली.”

एका रविवारी चुडामणच्या बाजूला शब्द आला, अत्शान. म्हणजे तहानलेला.

“याला तिकडं काय म्हणतात रे?”

“पुढच्या रविवारी सांगतो, आई. आत्ता ड्यूटीचा टेम झाला.”

समोरची जागा कोरी राहिली.

त्या बुधवारी रोहितच्या पोटात दुखायला लागलं आणि शुक्रवारी तो गेला. येलेनाच्या माणसांनी त्याला तिथंच, आपल्या घरच्यांशेजारी पुरलं. त्याच रसोईत काम करणाऱ्या शाहपूरच्या धर्मेंद्रनं फोन केला. “काकी, आरामात गेला तो. काही त्रास झाला नाही.”

हे बोलणं मालूबाईच्या ओळखीचं होतं. चुडामण गेला तेव्हा तिनंही बाहेरगावी कामाला असलेल्या रोहितला फोनवर अगदी हेच सांगितलं होतं.

तिला एकच विचारायचं होतं. शेवटी त्याला पाणी मिळालं का? आणि ते त्याच्याजवळ बसलेल्या येलेनाच्याच तोंडून ऐकायचं होतं.

“मोबाईल भाषांतर करून देतो हो,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

“माझ्या लेकाचं मरण मला मशीन सांगणार? राहू द्या.”

तेरावं झालं आणि दुपारी वैजयंतीबाईंनी फोन लावून दिला. येलेना काळ्या कपड्यांत होती, तोंड एवढंसं झालेलं. मालूबाईनं वही उघडली. अत्शानपुढं काहीच नव्हतं. पाण्याचा शब्द तेवढा तिला येत होता. तिनं ओंजळ तोंडाशी नेली.

“रोहित... वोदा?”

येलेनाला लगेच कळलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. “ने.”

मग ती भडाभडा बोलत सुटली. शब्द कळले नाहीत, हात कळले. डॉक्टरनं बोट हलवून मना केलं होतं, पोट कापायचं होतं म्हणून. तो पुन्हापुन्हा मागत होता. तिनं कापूस भिजवून त्याच्या ओठांना लावला, एवढाच. तिनं गळ्यावर हात ठेवला. “झेदान,” ती म्हणाली. “रोहित झेदान.” आणि तोंड झाकून घेतलं.

धर्मेंद्रचं खोटंच पदराला बांधून बसले असते तर बरं होतं, असं मालूबाईला वाटलं. पण आता ऐकलं ते ऐकलं.

आपल्यात मयताच्या घरी शेजारीपाजारी कडू घास घेऊन येतात. रडणाऱ्याला कोणीतरी रागावून खायला-प्यायला लावावं लागतं. नवऱ्याला पाणी नाही दिलं म्हणून ही पोर स्वतः घोटभर तरी प्यायली असेल का? मालूबाई उठली, आतून तांब्या घेऊन आली.

“स्नाहा,” तिनं हाक मारली. मग पोरीकडे बोट केलं. “वोदा.”

येलेनानं नको म्हणून मान हलवली.

“वोदा!” रोहित अर्ध्या ताटावरून उठायचा तेव्हा तिचा लागायचा तोच आवाज लागला.

येलेना ग्लास घेऊन आली. पण मालूबाईनं तांब्या तोंडाला लावेपर्यंत तिनं ओठ उघडले नाहीत. दोघी प्यायल्या.

फोन बंद झाला. मालूबाईनं पेन्सिल घेतली आणि अत्शानसमोरच्या कोऱ्या जागी एकेक अक्षर काढलं. झेदान.

“बाई, ‘झ’ असाच ना काढतात?”

“असाच,” वैजयंतीबाई म्हणाल्या. डोळे पुसायला काढलेला चष्मा त्यांच्या हातातच होता.