धुक्यातला भोंगा

मी मुळातच संशयी. बाबा वाशीच्या मार्केटात माथाडी. साताऱ्याकडून आले आणि आयुष्यभर कांद्याच्या गोणी वाहिल्या. घरी सांगायचे, "वरचा कांदा दाखवायला असतो, गोणी खालून उसवून बघावी." मी माणसंही तशीच बघते. मैत्रिणी वैतागतात. वैतागू देत.

त्यामुळे बेलापूरच्या क्लासमध्ये उरणकडचा एक जण आपणहून शेजारी येऊन बसला आणि "तयारी संगतीच करू" म्हणाला, तेव्हा माझे कान टवकारले. व्यापारी जहाजावर अधिकारी व्हायचं तर लेखी पेपरांपेक्षा तोंडी परीक्षा जड. परीक्षक टेबलावर बोटभर लांबीची जहाजं मांडतात आणि विचारतात, आता काय करशील? आम्ही दोघं एकाच कंपनीत शिकाऊ होतो. कंपनीच्या पुढच्या जहाजावर अधिकाऱ्याची जागा होती एकच. दोघं पास झालो तर कोणाला घ्यायचं, ते कंपनी ठरवणार होती.

तो आधी एकदा नापास झाला होता, आणि आम्हाला परीक्षक तेच मिळणार होते. एक दिवस डबा खाताना तो हळूच म्हणाला, "सायबानी 'शुअर?' इचारला का समजायचा, आपला चुकला हाय. लगेच बदलायचा. मी नाय बदलला, म्हनून उडलो."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, जागा एकच, हा मला खरं कशाला सांगेल? त्याच्या आईने माझ्यासाठी वेगळी तांदळाची भाकरी आणि सुकट पाठवली होती. तीही मी संशयानेच खाल्ली. चव मात्र फक्कड होती.

परीक्षेच्या दिवशी माझा नंबर त्याच्या आधी लागला. परीक्षकांनी टेबलावर एकच जहाज ठेवलं. म्हणाले, "हे तुझं. दाट धुकं, रडार बंद. समोरून, किंचित डावीकडून, दुसऱ्या जहाजाचा भोंगा ऐकू येतोय. बोल."

"वेग कमी करीन, सर. जहाज सुकाणूला जेमतेम ऐकेल इतकाच ठेवीन. लागलं तर थांबीन."

"डावीकडून आवाज येतोय. उजवीकडे वळणार नाहीस?"

"नाही सर. ते कुठे आहे ते मला दिसत नाही. नुसत्या आवाजावर विश्वास ठेवून वळायचं कसं?"

हा नियम माझ्यासारख्याच कुणीतरी संशयखोराने लिहिला असावा, असं मला नेहमी वाटतं.

ते चष्म्यावरून बघत राहिले. "शुअर?"

त्याचं बोलणं आठवलं आणि रागही आला. म्हटलं, "शुअर, सर."

अजून बरंच विचारलं. शेवटी म्हणाले, "पास. पुढच्याला पाठव."

बाहेर तो बाकड्यावर बसला होता. आनंदाच्या भरात माझा संशयबिंशय सगळा गळून पडला. मी त्याचा हात धरून म्हटलं, "झाले मी पास! धुकं विचारतायत. वेग कमी कर, वळू नकोस. आणि 'शुअर?' म्हणाले तरी बदलू नकोस, मी नाही बदललं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. बाबा गोणीतल्या वरच्या कांद्याकडे बघतात, तसं. मग शर्ट नीट करून आत गेला.

तो लवकरच बाहेर आला. चेहऱ्यावरूनच कळलं.

"धुकं नाही विचारलं?"

"इचारला. पयला बरोबर सांगितला होता. मंग 'शुअर?' बोलले."

"आणि तू बदललंस? अरे, मी सांगितलं होतं ना!"

त्याच्या आवाजात राग नव्हता. खाली बघतच तो म्हणाला, "सांगितलास. पन मना वाटला, जागा एकच हाय, तू खरा कशाला सांगशील?"