मादागास्करचं मिशन

“तिकडं काय पिकतं, बाय?”

कुठल्याही देशाचं नाव काढलं की मामांचा हा पहिला प्रश्न. भिंतीवरच्या जगाच्या नकाशासमोर उभं राहायचं, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायची, मान जराशी तिरकी करायची आणि विचारायचं. तिथली राजधानी कुठली, राज्य कुणाचं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. माणसं काय पिकवतात आणि काय खातात एवढं कळलं की तो देश त्यांच्या ओळखीचा व्हायचा. मग संध्याकाळी त्याच्यासाठी प्रार्थना करायला ते मोकळे.

देवाला काही मागायचं तर आपण हात जोडतो आणि मागून टाकतो. मामांचं तसं नव्हतं. सरकारी अर्जात एकही रकाना रिकामा राहू नये म्हणून जपणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मामा देवाकडे त्या तयारीनं जात.

जव्हारहून मोखाड्याकडे निघालं की मुख्य रस्ता सोडून थोडं आत सिस्टरांचा दवाखाना होता. तीन सिस्टर, खिडकीत बसून केसपेपर लिहायला मी आणि बाकी सगळ्याला मामा. गेट उघडणं, पाणी भरणं, बागेतली वांगी, इंजेक्शनला घाबरलेल्या म्हाताऱ्यांना धरून ठेवणं आणि पाड्यावरच्या बायका काय सांगतात ते सिस्टरांना समजावणं, हे सगळं त्यांचं. मी जव्हारची. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती बसतो. सिस्टरांनी मला कामावर घेताना एवढंच विचारलं होतं, की अक्षर कसं आहे.

मामा साखरशेतच्या एका पाड्यावरचे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, आम्ही सगळे जिला काकी म्हणतो तिला, डोलीत घालून इथं आणलं होतं. ती वाचेल असं कुणालाच वाटत नव्हतं. ती वाचली, आणि सिस्टरांचे आभार मानायला म्हणून आलेले मामा गवत काढायला बसले ते कायमचेच राहिले. पुढं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाड्यात ख्रिस्ती असे ते एकटेच. काकी आपल्या हिरवा देवाचीच राहिली.

“तिचा हिरवा तिच्याकडं, माझा येशू माझ्याकडं,” मामा सांगत. “भांडन नाय.”

आणि खरंच नव्हतं. पाड्यातलं लग्न मामांशिवाय लागत नसे. तारप्याच्या नाचात वयाला न शोभेल इतके पुढं असत.

संध्याकाळी पाच वाजता दवाखान्याचं दार लागलं की व्हरांड्याच्या टोकाला, मरियामातेच्या पुतळ्यासमोर, सिस्टर आणि मामा जपमाळ म्हणायला बसत; मीही मागं टेकत असे. ही जपमाळ वेगळी होती. तिच्यात पाच रंगांचे मणी होते, एकेका खंडाला एकेक रंग. हिरवे आफ्रिकेला, लाल अमेरिकेला, पांढरे युरोपला, निळे समुद्रातल्या बेटांना आणि पिवळे आपल्याला, आशियाला. जगभरातल्या मिशनांसाठी, म्हणजे आमच्यासारख्या दवाखान्या-शाळांसाठी, आणि जिथं ख्रिस्ती माणसांचा छळ होतो तिथल्या लोकांसाठी ती म्हणायची. दर महिन्याला वसईहून एक पत्रक येई. त्यात रोजचा एक देश आणि त्या देशाचं दुखणं छापलेलं असे.

मामांना वाचता येत नव्हतं. म्हणून दुपारी, पेशंट ओसरले की, ते माझ्या खिडकीशी येत.

“सिस्टर संध्याकाळी वाचणारच आहेत की,” मी एकदा म्हटलं.

“आधी कललं पायजे बाय. ऐन येलेला देवाला काय सांगू?”

मग मी पत्रक वाची, नकाशावर देश दाखवी आणि काय पिकतं ते मोबाइलवर शोधून सांगे. मादागास्करला भात होतो हे कळलं तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला होता. “मंग आपल्यासारखंच हाय म्हन,” ते दोनदा म्हणाले. युरोपचं मात्र त्यांना कधी जमलं नाही. तिकडं चर्च आहेत पण लोकांना जायला वेळ नाही, हे पत्रकातलं दुखणं त्यांना दुखणंच वाटेना. पांढरे मणी ते इतक्या घाईनं ओढत की मोठ्या सिस्टर डोळे मिटूनच “मामा, सावकाश” म्हणत.

एकदा एका अशा देशाची पाळी आली जिथं लोक घराची दारं लावून, लपून प्रार्थना करतात. त्या संध्याकाळी मामांचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता. एरवी त्यांचा खर्जातला आवाज गेटपर्यंत ऐकू जाई. बरं नाही का, म्हणून मी नंतर विचारलं.

इकडंतिकडं बघत ते म्हणाले, “मोठ्यानं बोललो नि त्यांना कोनी धरलं मंजे?”

मी हसले. घरी जाऊन आईला सांगितलं, तीही हसली.

दिवाळीच्या सुमारास मुख्य मठातून पत्र आलं. दवाखाना बंद करायचं ठरलं होतं. मठात नव्या मुली येत नाहीत, असलेल्या सिस्टर थकल्या, सरकारी दवाखाने आता पूर्वीपेक्षा बरे चालतात. पत्रात खोटं काहीच नव्हतं. त्याचं उत्तर मीच टाइप केलं. मोठ्या सिस्टरांनी मला समोर बसवलं आणि कुणाला बोलू नकोस म्हणाल्या. लोक घाबरतील, गर्दी करतील, रडारड होईल.

“आणि मामा?” मी विचारलं.

“मामांना मी स्वतः सांगेन. जरा धीर येऊ दे मला.”

त्या बाई वाईट नव्हत्या. रात्रंदिवस बाळंतपणं काढलेली बाई. पण जे मामांना तोंडावर सांगता येईना ते त्यांनी भलतीकडूनच काढलं. दोन दिवसांनी जपमाळ सुरू करताना त्या म्हणाल्या, “ज्या एका मिशनचं दार लवकरच बंद होणार आहे, त्याच्यासाठी आज आपण विशेष प्रार्थना करू या.” आणि त्यांचा आवाज कापला. त्या खरोखरच मागत होत्या. फक्त कुठलं मिशन ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा टोपी काखेत धरून नकाशासमोर उभे.

“कठं हाय बाय ते मिशन? दार बंद व्हनारं?”

पत्रक माझ्यापुढं उघडं होतं. त्यात असलं काही नव्हतं, हे मला माहीत होतं. “मला ठाऊक नाही” म्हणता आलं असतं. “सिस्टरांना विचारा” म्हणता आलं असतं. मी उठले, नकाशापाशी गेले आणि मादागास्करवर बोट ठेवलं.

का ठेवलं? त्या वेळी मला वाटलं, मी त्यांच्यावर दया करतेय. आता विचार करते तेव्हा कळतं, मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता, इतकंच.

“भातवाले!” मामा कळवळले. “आपल्यासारखेच ना ते?”

त्या दिवसापासून मामांनी दुपारचं जेवण सोडलं. डबा यायचा. नागलीची भाकर आणि चटणी. ती ते पेशंटबरोबर आलेल्या कुणाला तरी देऊन टाकत आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसत. हिरवे मणी इतके सावकाश म्हणत की सिस्टर पुढच्या रंगावर गेल्या तरी हे आफ्रिकेतच. आठवड्याभरात गालफडं बसली. मी रागावले, तर म्हणाले, “काकीनं बी सांगितलंय हिरव्याला. दार उगडं ऱ्हायलं तं कोंबडा दीन म्हनली. दोघांनी सांगितलेलं बरं.”

मोठ्या सिस्टरांना हे सगळं दिसत होतं. एका दुपारी उपाशी मामांकडे बघत त्या माझ्या खिडकीशी थांबल्या आणि म्हणाल्या, “किती श्रद्धा आहे, नाही?” मी केसपेपर लावत राहिले. बोट माझं होतं.

एकदा मामा माझ्याजवळ बराच वेळ घुटमळले.

“बाय, तिथं मिशनला गेटवर कोनी मानूस असंल ना? माझ्यासारखा?”

“असेल.”

“त्याला ठाव असंल का?”

“सांगितलं असेल मामा. सांगतातच की.”

“आं,” ते म्हणाले. “मंग तो बी मागत असंल.” त्यांच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्याची खूण दिसली. आपल्या जोडीला आणखी एक जण आहे, असं काहीतरी.

मला अजूनही त्या दुपारची इतकी लाज वाटते की हे लिहिताना पेन खाली ठेवून एकदा पाणी पिऊन आले.

टेम्पो आला तो मंगळवारी. मोठ्या सिस्टरांना धीर आलेलाच नव्हता. औषधांचं कपाट, तपासायची खाट, स्टूल, सगळं मामांनीच उत्साहानं बाहेर काढलं. रंग द्यायचा असेल, नाहीतर नवीन सामान यायचं असेल, असा त्यांचा अंदाज. खाट चढवताना त्यांनी टेम्पोवाल्याला विचारलं, परत कधी आणणार.

“परत कशाला?” तो म्हणाला. “बंद झालं ना हे? तुम्हाला सांगितलं नाही कुणी?”

मी खिडकीतून सगळं ऐकत होते. मामांनी खाटेचा पाय सोडला नाही. ती नीट आत सरकवली, दोरी आवळली, गाठ मारली. मग आत आले. नकाशा अजून भिंतीवर होता. त्याच्याकडे बघून ते माझ्याकडे वळले. टोपी डोक्यावरच होती.

“तू तिथं बोट ठेवलंस.”

“हो.”

“तुला ठाव होतं.”

“हो, मामा.”

ते ओरडले असते तर फार बरं झालं असतं. मी रडायला लागले, तर त्यांनी तिकडंही लक्ष दिलं नाही. तोवर मोठ्या सिस्टर आल्या. त्यांचेही डोळे भरलेले. त्यांनी मामांचे दोन्ही हात धरले.

“शिस्टर, मना सांगितलं असतं तं मी आपल्यासाठी मागितलं असतं,” मामा म्हणाले.

“तुम्ही आपल्यासाठीच मागत होता, मामा. देवाला ठाऊक होतं कुठलं मिशन ते.”

मामांनी मान हलवली. आपले हात सोडवून घेतले.

“नाय शिस्टर. मी त्यांचं नाव घेऊन मागलं. रोज. भातवाल्यांचं.” आणि अगदी समजुतीच्या स्वरात, जणू सिस्टरांनाच हिशेब कळत नव्हता, ते म्हणाले, “देवानं तिकडंच दिलं असंल.”

मामा गेटमधून बाहेर पडले. इतकी वर्षं ते रोज गेट लावून घरी जात. त्या दिवशी उघडं टाकून गेले.

एवढी वर्षं या माणसानं जगभरातल्या छळ सोसणाऱ्यांसाठी मणी ओढले. त्याला स्वतःला कुणी छळलं नाही. पाड्यानं त्याला नाचात पुढं ठेवलं, बायकोनं त्याच्या देवासाठी आपल्या देवाला साकडं घातलं. त्याला फसवलं ते आम्ही, रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर बसणाऱ्या माणसांनी, आणि तेही त्याच्याच प्रार्थनेचा उपयोग करून.

मी आता जव्हारला एका मेडिकल दुकानात काम करते. दोन महिने मनात घोळवून शेवटी एका रविवारी साखरशेतला गेले. काकीनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं, कोरा चहा ठेवला. मामा ओट्यावर सुंभ वळत बसले होते. “आलीस,” म्हणाले, पुन्हा सुंभाकडे वळले. अंगानं बरेच उतरले होते.

काकीला मात्र मला बघून कोण आनंद.

“बाय, बरी आलीस. याला इचारलं तं सांगत नाय. तं तिकडच्या मिशनचं काय जालं? दार ऱ्हायलं का उगडं? कोंबडा द्याचा हाय ना मला. देव खोलंबलाय.”

मी मामांकडे बघितलं. त्यांचे हात थांबले होते.

म्हणजे त्यांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. दवाखाना बंद झाला एवढंच काकीला माहीत. माझं बोट, माझं खोटं, सगळं त्यांनी पोटात ठेवलं होतं.

“काकी,” मी म्हटलं, “तसं मिशन कुठं नव्हतंच. ते आपलंच होतं. मी मामांना खोटं सांगितलं.”

काकीला समजायला वेळ लागला. मग तिनं नवऱ्याकडे मान वळवली. “तुला ठाव होतं?”

“होतं.”

“मंग बोलला का नाय?”

“बायचं नाव कशाला खराब करू,” मामा म्हणाले आणि सुंभ वळू लागले.

चहा मी कसाबसा संपवला. निघाले तेव्हा मामा रस्त्यापर्यंत सोडायला आले. वाटेत मी माफी मागितली. घरून ठरवून आणलेलं सगळं बोलले. ते ऐकत होते. जीप येताना दिसली तशी मी त्यांच्या पायाशी वाकले. त्यांनी पाय मागं घेतला नाही. मी उठेपर्यंत थांबले.

“राग नाय बाय,” ते म्हणाले. “पन परत नको येऊस. तू दिसलीस का मना परत खरं वाटाया लागंल तुजं.”

जीप थांबली. मी चढले.

अधूनमधून जव्हारच्या बाजारात मला त्यांची टोपी दिसते. मी दुसऱ्या गल्लीनं जाते.