तिसऱ्या रेडला माझी मुलगी

आमच्या घरात कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघावर फॅन्टसी खेळतात. पैसे नसतात, नुसती खुन्नस. प्रत्येकानं तीन रेडर, म्हणजे चढाईला जाणाऱ्या मुली, निवडायच्या, त्यातली एक कॅप्टन, तिचे गुण दुप्पट. हिशोब माझ्याकडे, कारण बाकीचे लबाडी करतात. पहिली रेडर कोण, दुसरी कोण, बदली कोण, कुणाचा घोटा सुजलाय, हा अंदाज सामन्याआधी मीच ग्रुपवर टाकते.

माझी मुलगी त्याच संघात. तिचं शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या संघात निवड होणार ती या हंगामातल्या गुणांवर, आणि रेडरमध्ये तिचेच गुण सगळ्यात कमी.

"वहिनी, पोरगी तुमची हाय म्हणून यादीत वर घालू नका," धाकटे दीर म्हणाले. "गेली की बाद. आपल्या कोऱ्हाळ्याचं नाव घालवतीया."

"भावजी, तुम्ही सामना बघता की मोबाईल?"

मी सामनाच बघत होते. सलग दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. कोचची एक लाडकी रेडर पहिल्या दोन रेडला जायची, निदान रेषा तेवढी ओलांडून सुखरूप परत यायची. तिसरीला माझ्या मुलीला ढकलायचे. समोरच्या पोरी तोवर टपूनच बसलेल्या असायच्या.

मी नियम बदलला. रिकाम्या रेडला एक गुण वजा.

"पोरीसाठी नियम बदलला व्हय?"

"होय. तिच्यासाठीच."

भावजी चिडून ग्रुपमधून बाहेर पडले. संध्याकाळी मुकाट्यानं परत आले.

बारामतीला मैदानावर जाऊन कोचलाही विचारलं. "ताई, कुणाला कधी पाठवायचं ते माझ्यावर सोडा," तो हसत म्हणाला. "तुम्ही डब्याचं बघा." ते हसणं अजून डोक्यात जातं.

पुढचा सामना इंदापूरला. शिट्टी झाली आणि लाडकी पुढे यायच्या आत माझी मुलगी कुणालाही न विचारता मधल्या रेषेपलीकडे गेली. दोघींना शिवून परत आली. दोन गुण. कोचनं तिला लगेच बाहेर काढून बाकावर बसवलं.

नंतर दोन रेड रिकाम्या गेल्या. तिसरीला ढकलायला आता माझी मुलगी मैदानात नव्हती. लाडकीला स्वतः जावं लागलं, आणि तिचा घोटा धरला गेला. मी टाळ्या वाजवल्या.

"वहिनी, आपल्याच संघाची पोरगी बाद झालीया!"

"दिसलं मला." मी आणखी जोरात वाजवल्या.

कोच बाकाकडे वळला. "चल, ऊठ."

"पहिली रेड देणार का, सर?" मुलीनं विचारलं.

"आधी ऊठ."

तिनं वाकून बुटाची नाडी सोडली. कोचनं दुसऱ्या मुलीला आत पाठवलं.

"गेली युनिव्हर्सिटी," भावजी माझ्या कानाशी म्हणाले. त्यांना वाईट वाटलं असावं, पण मला ते ऐकायचं नव्हतं. मी पिशवी उचलली, प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून खाली उतरले आणि बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसले.

"ताई, पालकांना इथे बसता येत नाही," कोच म्हणाला.

"सरक जरा," मी मुलीला म्हणाले.