आईचं नाक होऊन वर्षाची चटणी करायला

"मला वास येत न्हाई. वर्षाचा माल करपवायला येऊ व्हय?" आई फोनवर मावशीला विचारत होती.

गेल्या उन्हाळ्यात आईला ताप आला आणि जाताना तिचा वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणारही नाही. तेव्हापासून ती गोळी गिळावी तशी जेवते. पूर्वी माझ्या आमटीला दहा नावं ठेवणारी बाई, आता पुढ्यात येईल ते मुकाट खाऊन ताट उचलते. मला तेच सोसेना. म्हणून मी मध्येच ओरडले, "माझं नाक आहे ना! मी वास घेऊन सांगते, तू भाज."

जिरं आणि शहाजिरं यांतला फरक मला डब्यावरच्या चिठ्ठीवरून कळतो, हे आईला ठाऊक होतं. मावशीला नव्हतं. ती म्हणाली, "मग झालं की! या."

आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात. ती उन्हाळ्यात एकदाच करायची आणि वर्षभर पुरवायची. दोन्ही घरांची चटणी कडेगावला मावशीकडे होते, आणि भाजायला चुलीपुढे कायम आई. गेल्या वर्षी ती झालीच नाही, आम्ही पाकिटातला मसाला खाल्ला. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

तुम्हाला असं जायचं असेल तर मार्चअखेरीस जा आणि पुण्याहून उजाडताच निघा, म्हणजे खंबाटकी घाटात ट्रकांच्या मागे रखडावं लागत नाही. पहिला थांबा सातारा, कारण चटणीत आलं पडतं आणि आईला ते साताऱ्याचंच लागतं. मंडईत तिनं एक कुडी मोडून माझ्या नाकाखाली धरली.

"सांग, कसला वास येतोय?"

"आल्याचा."

"ते मला बी दिसतंय की!"

शिकवणीचा पहिला तास असा झाला. गाडीत ती पुढचे बरेच किलोमीटर खिडकीबाहेर बघत होती. कराडनंतर विट्याच्या रस्त्याला लागलो. रस्ता छान आहे, फक्त उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवे असतीलच असं नाही, तेव्हा अंधाराआधी कडेगावला पोचा.

दुसऱ्या दिवशी कुंडल, पलूस करत सांगलीला गेलो. हळद घ्यायची तर इथेच. दुकानदारानं मूठभर हळकुंडं आईपुढे धरली आणि म्हणाला, "वास तर घ्या आक्का, लय झ्याक माल हाय." आईचा हात जरा थांबला. मी पुढे होणार, तोच तिनं एक हळकुंड कानाशी नेऊन मोडलं. कट्‌ असा आवाज आला. मग मोडलेला भाग उन्हात धरून बघितला.

"चांगली वाळलीया. रंग बी खोल हाय. द्या."

मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला की मी गरज नसताना खसखस जास्तीची घेतली. मिरचीच्या दुकानात तिनं मला ब्याडगी आणि लवंगी शेजारी शेजारी दाखवल्या. "ही रंगाला, ही तिखटाला. निस्ती लवंगी घातलीस तर लोक जेवायचं सोडून पाणीच पितील." मसाल्यात असाही काही विचार असतो, हे मला या वयात कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या परसात चूल पेटली. मला वाटलं होतं, सगळं एकदम कढईत टाकायचं. मावशीनं कपाळाला हात लावला. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण धणे भाजून होईपर्यंत तिळाचा कोळसा होतो. एक जरी करपला तरी वर्षभर चटणी कडू लागते. म्हणजे दोन घरांचं वर्षाचं जेवण माझ्या नाकावर होतं.

आई झारा फिरवत होती. रंग तिला दिसत होता, तीळ तडतडलेले ऐकू येत होते. बाकी मी.

"धणे सांग."

"चांगला वास येतोय."

"चांगला म्हंजी कसला? नीट सांग, मला काय कळतंय?"

मग मी सुचेल ते बोलत सुटले. धणे वाळल्या वैरणीसारखे. दगडफूल देवळाच्या तळघरासारखं. लवंग दाताच्या डॉक्टरच्या खोलीसारखी. मावशी हसून हसून बेजार झाली. पण आई डोळे मिटून ऐकत होती आणि दर वेळी म्हणत होती, "व्हय, तसाच असतोय. उतरू आता."

खोबऱ्याची पाळी आली. मी म्हणाले, "आई, तू न्हाऊ घालायच्या आधी माझ्या डोक्याला तेल चोळायचीस, तसा."

तिचा झारा एकदम जोरात फिरायला लागला.

दुपारी सगळं घेऊन डंकावर गेलो. विजेवर चालणारी लोखंडी मुसळं एकामागून एक मिरचीवर आपटतात. किलोवर दर असतो, पण आधी फोन करून नंबर लावा. मिरचीच्या तिखट धुरळ्याची खाट उठली तशी रांगेतल्या सगळ्या बाया पदर तोंडाला लावून खोकायला लागल्या. आणि त्यांच्यात आई! तिला असा ठसका लागला की डंकवाल्या बाईनं यंत्र थांबवून पाणी आणलं.

"आवं, नाकाला पदर लावा की!"

"असू दे गं बाई," आई शिंकत म्हणाली, "लय दिसांनी नाकाला कायतरी कळलंय." आणि लाल नाकानं ती हसायला लागली.

शेवटी मीठ. मावशीनं काढून दिलेल्यातलं मूठभर मी बाजूला ठेवलं. आईला रक्तदाब आहे आणि डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. उगाच चर्चा नको, म्हणून कुणाला बोलले नाही.

चौथ्या दिवशी डिकीत दोन बरण्या घेऊन परतलो. माझी आणखी कमाई म्हणजे शहाजिरं आता मी डोळे मिटून ओळखते. पण वास काही परत आला नाही. गाडीत चटणी घमघमत होती आणि आई नुसती बसली होती. मला वाईट वाटलं. या प्रवासानं मी मसाले शिकले, तिला काय मिळालं?

रात्री शेजारच्या पोळीभाजी केंद्रातून भाकरी आणली, ताटात चटणी वाढली, वर तेल सोडलं. आईनं घास घेतला. चावता चावता थांबली. मग भुवया चढवून थेट माझ्याकडे बघितलं.

"मीठ कमी टाकलंस. आणि ही भाकरी हाय का पुठ्ठा?"

मी घाईनं उठून ओट्याकडे तोंड केलं आणि मिठाची बरणी शोधायला लागले. ती माझ्या समोरच होती.