माझ्यानंतरचा प्याला

"साहेब, मी थांबते. पुढच्या वेळी घेईन."

मॅडम एवढंच बोलल्या, तेही हळूच. तरी चर्चमध्ये वेदीसमोरच्या कठड्याशी गुडघे टेकलेल्या आम्हा आठजणांना ऐकू गेलं. प्याला नुकताच माझ्या ओठांना लागला होता. बाप्तिस्म्यानंतरचं माझं पहिलं प्रभुभोजन. द्राक्षरसाचा एकच प्याला, सगळ्यांनी आळीपाळीने ओठ लावायचा. पाळकसाहेबांनी पांढऱ्या फडक्याने कड पुसली, प्याला जरा फिरवला आणि माझ्या उजवीकडे मॅडमपुढे धरला. ते सगळ्यांनाच असं पुसून, फिरवून देतात. मॅडमनी ओठ घट्ट मिटले. उठल्या. पदर सावरत बाकावर जाऊन बसल्या.

द्राक्षरस अजून माझ्या तोंडात होता. तो कडू झाला. लाज वाटली. मलाच! आज त्याचाच जास्त राग येतो.

पनवेलात या मॅडमकडे मी पोळ्या करायचे. चार पिढ्यांचं ख्रिस्ती घराणं. पण पणजोबा कुठल्या उच्च जातीतून आले, हे त्या घरात अजून तोंडपाठ. पाहुणा आला की चहाबरोबर ते यायचंच. मी नगरकडची, मांगवाड्यातली. हेही त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलेलं. माझा चहाचा ग्लास वेगळा, खिडकीत. मी मुकाट उचलायचे. जन्मापासूनची सवय.

मॅडमनीच मला चर्चमध्ये नेलं. खोटं कशाला बोलू? नवरा विचुंब्याला बिल्डिंगच्या कामावर होता. परांची तुटली आणि गेला. पदरात दोन वर्षांची पोर. मी बोलेनाशी झाले. तव्यावर पोळी करपायची तरी मला वास यायचा नाही. "रविवारी चर्चला ये, शांती मिळेल," मॅडम म्हणाल्या.

शांती मिळाली. पण मॅडमकडून नाही. बुधवारच्या प्रार्थनेला बायका गोल करून बसायच्या. एका नर्सबाईंनी माझं नाव घेऊन देवाकडे मागणं मागितलं. माझं नाव! तोवर ते हजेरीत नाहीतर शिवीला जोडूनच ऐकलेलं. त्या दिवशी नवऱ्यासाठी मी पहिल्यांदा रडले. घरी येऊन पोरीला भात कालवून घातला, मीही जेवले. मग रोज सकाळी उठून आधी प्रार्थना, मग काम. हळूहळू पाय जमिनीला लागले. आपल्या बाजूने कुणीतरी आहे, हा भरवसा आला.

आणि मॅडम तेच काढून घ्यायला निघाल्या होत्या.

प्रभुभोजनानंतरच्या सोमवारी मी पोळ्या लाटत होते. मॅडमनी खिडकीतला ग्लास काढून त्यात चहा ओतला.

"मनावर घेऊ नकोस हं. पण प्रभुभोजनाला तू शेवटच्या रांगेत येत जा. सगळ्यांचं झाल्यावर."

माझ्या हातच्या पोळ्या चालत होत्या. माझे ओठ चालत नव्हते.

लाटणं खाली ठेवलं. "मॅडम, तो प्याला तुमच्या घरातला नाही. तो तुम्हाला खिडकीत ठेवता यायचा नाही."

"तुला तिथं आणलं कोणी?"

"तुम्ही. पण बसवलं प्रभूने."

उरलेल्या कणकेवर ताट झाकलं. माझं काम मी उघडं टाकून जात नाही. चहा तसाच ठेवला, चपला घातल्या. आणखी दोन घरची कामं त्यांच्याच ओळखीची होती. तीही जाणार, हे ठाऊक होतं. गेलीच.

आठवड्याने पाळकसाहेब खोलीवर आले. "जुनं घराणं आहे, बाई. जरा समजून घ्या. शेवटी बसलं म्हणून कृपा कमी होते का?"

"नाही ना? मग त्यांना बसवा शेवटी."

माझ्या हातचा चहा मात्र ते सगळा प्यायले.

ते गेल्यावर घरमालकीण आगरी आजी दारातून म्हणाली, "अगो, जिथं मान नाय तिथं जातंस कशाला?"

"आजी, मी मॅडमच्या घरी जात नाही. माझ्या घरी जाते."

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. पोरीची वेणी घातली. धुतलेली साडी नेसले आणि पहिल्याच रांगेत जाऊन गुडघे टेकले. उजवीकडची जागा रिकामी होती. मॅडम बाकावर बसून होत्या. प्याला आला. मी प्यायले. रस गोड होता.

आता दर महिन्याला मी तिथेच टेकते. मागे सरणार नाही. दुसऱ्या चर्चच्या मंडळीत जाणार नाही. जिथं मी माणसात आले, ते घर मी कुणाच्या पणजोबासाठी सोडायची नाही. पोर मोठी झाली की माझ्याशेजारी टेकेल, पहिल्या रांगेत. ज्याला आमच्यानंतरचा प्याला नको, त्याने कोरड्या तोंडाने घरी जावं.