खारट आमटी आणि माझं पित्ताशय

माझा कॅन्सर मला डॉक्टरांनी सांगितला नाही. खारट आमटीने सांगितला.

लालबागला माझी खाणावळ. गिरणीतली पंधरा-वीस कोकणी माणसं दोन वेळ जेवायची. वर्षभर उजव्या बरगडीखाली दुखायचं आणि मी पित्त समजून कोकम प्यायचे. तापाने फणफणले तेव्हा परळच्या इस्पितळात नेलं. गॉलब्लॅडर, म्हणजे यकृताखालची पित्ताची पिशवी, खड्यांनी भरलेली. ती काढली. खडे आमच्या ह्यांनी बाटलीत घालून चाळभर मिरवले. पिशवी बायोप्सीला गेली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला. ते मी विसरूनही गेले.

महिन्याने चुलीपाशी बसू लागले. एका दुपारी आमटीत मीठ मी घातलं, जावेनेही घातलं. पंगत उठल्यावर मी जेवायला बसले तर घास गिळवेना. कुणी अवाक्षर काढलं नव्हतं! चिमूटभर मीठ कमीजास्त झालं की ताट सरकवणारा तुकाराम जाताना म्हणाला होता, "मावशे, आमटी बरी झाली हा."

एवढं गोड माणसं मरणाऱ्याशीच वागतात. जावेला दरडावून विचारलं, तशी ती रडायलाच लागली. रिपोर्ट कधीच आला होता. सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून.

दुसऱ्या दिवशी एकटीच इस्पितळात गेले. डॉक्टरांनी समोर बसवलं. "रोग पिशवीच्या भिंतीत सापडलाय. लगतचं थोडं यकृत आणि जवळच्या गाठी काढल्या तर आशा आहे, खात्री नाही. यजमान दोनदा नको म्हणून गेले. पण पोट तुमचं आहे. तुमचं काय म्हणणं?"

लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण माझं म्हणणं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "कापा."

घरी ह्यांच्याशी कडाक्याचं भांडले. "तुझे आणखी हाल नकोत म्हणून," एवढंच ते म्हणाले. त्यांचा राग आला आणि कीवही आली.

रक्त हवं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाठ्या खाल्लेला तुकाराम सुई बघून घेरी येऊन पडला. उठला आणि पुन्हा हात पुढे केला. अशा माणसाला काय म्हणावं! ऑपरेशननंतर कित्येक दिवस पोटाला लावलेल्या नळीतून पित्त गळत होतं. डॉक्टर रोज सकाळी स्वतः पट्टी सोडून बघायचे, दुसऱ्यावर सोपवायचे नाहीत. तसा माणूस मी पाहिला नाही.

आज सहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, यातून इतकं जगणारे थोडेच, तुमचा रोग लवकर हाती लागला. म्हणून सांगते, बरगडीखाली दुखत राहिलं तर माझ्यासारखं कोकम पीत बसू नका.

गेल्या खेपेला तपासणीला गेलो, तर बाकावर एक गृहस्थ ह्यांना हळूच म्हणाला, "बायकोला सांगितलेलं नाही. डॉक्टरांना नकोच म्हणणार आहे."

हे त्याच्याजवळ सरकून बसले. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मीसुद्धा नको म्हणालो होतो. माझं ऐकलं असतं, तर आज ही इथे नसती."