बाळा परबांचं गाऱ्हाणं

आमच्या बिल्डिंगमध्ये देवाकडे थेट कुणी काही मागत नाही. मागतात ते बाळा परबांमार्फत. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कुणाचा नवा साहेब छळतो, पहिल्या मजल्यावर पाणी येतं आणि पाचव्यावर येत नाही, असल्या सगळ्या तक्रारी वर्षभर त्यांच्याकडे जमा होतात आणि माघी गणपतीला ते त्या देवाच्या कानावर घालतात. एकेक मागणं एका दमात. दमात हे मी उगाच म्हणत नाही, सगळी भानगड त्या दमाचीच आहे.

दहिसरला नदीच्या अंगाला आमची ही पाच मजली जुनी इमारत. निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं मालवण-कणकवलीकडची. मी मुलुंडची, लग्न होऊन इथे आले, जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून सगळ्यांची 'टीचर'. गाऱ्हाणं हा प्रकार मला इथेच कळला. आरती झाली की एक जण हात जोडून उभा राहतो आणि मालवणीत, देवाला जरा दरडावल्यासारखं, मागणं मागतो. मागण्याच्या शेवटी 'रे म्हाराजा' आलं की जमलेले सगळे एका सुरात ओरडतात, 'व्हय म्हाराजा!' म्हणजे अर्जावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. परबांचे वडील गिरणीत कामाला होते आणि चाळीत गाऱ्हाणं घालायचे. त्यांच्याकडून परबांना खणखणीत आवाज मिळाला आणि सोबत एक भलतीच समजूत मिळाली. मागणं कितीही लांबलचक असो, मध्ये श्वास घ्यायचा नाही. 'मधी दम तुटलो की गाऱ्हाणा अर्ध्या वाटेवरसून परत येता, टीचर.' मी त्यांना एकदा विचारलं होतं की ते वाटेत नक्की कुठे अडतं, दहिसर चेकनाक्यावर का. त्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.

परब लिफ्टचे मेकॅनिक होते, आता निवृत्त. आमच्या लिफ्टमध्ये मात्र स्वतः कधी पाऊल ठेवत नसत. 'मी तिका आतसून बघलंय,' एवढंच सांगायचे आणि चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढत जायचे, तेही अखंड बोलत. जिन्यात कुणी भेटलं की त्याची सुटका नसे. मी त्यांची चाहूल लागली की दार लोटून घ्यायचे. आमची दारं समोरासमोर, त्यामुळे हा उपाय मला रोज करावा लागे.

डिसेंबरात त्यांना सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि बघता बघता न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात राहून आले. ताप गेला, कफ गेला, फोटो स्वच्छ आला. धाप मात्र घरी परतताना सोबत आली. छातीच्या डॉक्टर निधी म्हणून एक हुशार मुलगी आहे, तिने नीट समजावून सांगितलं. फुप्फुसं बरी झाली आहेत, दम भरून यायला वेळ लागतो, काही आठवडे, कधी कधी काही महिने. रोज थोडं चाला, श्वासाचे व्यायाम करा, धाप वाढली, छातीत दुखलं किंवा पुन्हा ताप आला तर लगेच या. एवढ्या सगळ्यातून परबांनी फक्त 'महिने' हा शब्द घरी आणला.

आणि मग तो चिमटा आला. बोटाला लावायचा, ऑक्सिजनचा आकडा दाखवणारा. परब सकाळी उठले की आधी चिमटा, मग चूळ. चहाआधी चिमटा, चहानंतर चिमटा. आपला आकडा बघून समाधान होईना म्हणून दुसऱ्यांचे बघू लागले. वॉचमनचं बोट, दूधवाल्याचं बोट, एकदा आमची बेल वाजवून माझं बोट. माझा आकडा त्यांच्यापेक्षा एकाने जास्त निघाला. त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी तो एक त्यांच्याच घरातून उचलून आणला होता.

"परब, एकाने काही होत नाही," मी म्हटलं.

"तुमका नाय होणा, टीचर. तुमचो जास्ती असा."

त्यांची बायको प्रेमा समोरच्या घरातून ओरडली, "उद्यापासून त्या चिमट्यान मी कपडे वाळत घालतलंय, सांगून ठेवतंय!"

श्वासाच्या व्यायामाचं एक प्लास्टिकचं यंत्रही होतं, नळीतून हवा ओढली की आतल्या तीन गोळ्या वर जातात. परबांच्या दोन जायच्या, तिसरी जागची हलायची नाही. ते त्या तिसरीकडे लिफ्ट अडकल्यासारखे बघत बसायचे. खरं सांगायचं तर अर्धा दम आजाराने नेला होता आणि उरलेला अर्धा ते श्वास मोजण्यात खर्च करत होते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. चिंता अशी बोलून जात असती तर मी दवाखानाच काढला असता.

जानेवारी संपत आला तसं सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न, यंदा गाऱ्हाणं कोण घालणार? विचारायला कुणी धजेना. परब मात्र गच्चीवर टाकीच्या आडोशाला जाऊन सराव करायचे. मी कपडे वाळत घालताना ऐकलंय. 'बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी...' आणि तिथेच गाडी बंद. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा बंद. मग चिमटा. हा माणूस जिन्यात भेटू नये म्हणून मी दार लावायचे, आणि आता तो लिफ्टने गुपचूप खाली-वर करायचा, तर मला जिना सुना वाटायला लागला.

शेवटी आमच्या मंडळाच्या विकीने तोंड उघडलं. पोरगा मनाने चांगला, पण प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे मोबाईल असतो.

"काका, टेन्शन नको ना घेऊ. गेल्या वर्षीचा व्हिडिओ आहे माझ्याकडे. स्पीकर जोडून लावतो. आवाज तुझाच, तू फक्त हात जोडून उभा राहा. झकास!"

मला वाटलं, आता विकीची धडगत नाही. देवाला स्पीकरवरून गाऱ्हाणं ऐकवणाऱ्यातले परब नव्हेत. पण ते शांतपणे म्हणाले, "बरा होयत," आणि लिफ्टचं बटण दाबून उभे राहिले.

संध्याकाळी प्रेमा माझ्याकडे आली. एरवी ही बाई आली की घर भरून जातं. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

"टीचर, ते भांडाक नाय ओ," ती म्हणाली. "विकीवर ओरडाक पण नाय. हॉस्पिटलात होते तेव्हा मी भियाक नाय, आज माका भीती वाटली."

मी तिला बसवलं, चहा दिला. मलाही भीती वाटली होती. पण आम्ही दोघीही भांडखोर, त्यामुळे भीती फार वेळ धरून ठेवणं आम्हाला जमत नाही. चहा संपेपर्यंत विकीला चार शिव्या घालून झाल्या होत्या आणि प्रेमाने ठरवलं होतं की स्पीकर लागणार नाही. पुढे काय, ते तिने मला सांगितलं नाही.

गणपतीच्या दिवशी खालच्या मांडवात दुपारची आरती झाली. विकी स्पीकर घेऊन पुढे आला, तर त्याची वायर गायब. "कोणी घेतली यार?" तो चरफडत शोधायला लागला. प्रेमा तल्लीन होऊन गणपतीकडे बघत होती. तिच्या पदराला एरवी गाठ नसते.

सगळे परबांकडे वळले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण मूर्ती समोर आणि माणसं मागे, सुटायला वाट नव्हती. त्यांनी हात जोडले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी, जी काय वेडीवाकडी सेवा..."

आणि दम संपला. परबांनी तोंड उघडलं, आवाज आला नाही. त्यांची मान खाली जाऊ लागली.

"व्हय म्हाराजा!" प्रेमा ओरडली.

एक क्षण कुणाला काही कळेना. मग मागून सगळ्यांनी उचललं, "व्हय म्हाराजा!" तेवढ्यात परबांचा श्वास भरून झाला होता.

"...केली असा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या बिल्डिंगीत पाण्याचो जो काय..."

"व्हय म्हाराजा!"

"अरे, थांबा रे! ...जो काय तरास असा, तो दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लोकांना खेळ सापडला. परब जिथे थांबतील तिथे लोक सही ठोकू लागले. 'पाचव्या मजल्यावरचे लोक' एवढंच झालं तरी व्हय म्हाराजा, 'विकीचा लगीन' एवढंच झालं तरी व्हय म्हाराजा. हसून हसून माणसं एकमेकांवर पडत होती. परबही हसायला लागले, आणि हसण्याने धाप लागली की आम्ही आणखी जोरात ओरडायचो. एरवी झटक्यात उरकणारं गाऱ्हाणं त्या दिवशी प्रसादाची खीर थंड होईस्तोवर चाललं. अर्ध्या वाटेवरून काही परत आल्याचं निदान मला तरी दिसलं नाही.

शेवटी परबांनी कपाळाचा घाम पुसला आणि बाजूला सरायला लागले. प्रेमाने त्यांचा दंड धरला.

"खय चाललात? अजून एक गाऱ्हाणा रवला."

आमच्याकडे बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. प्रेमाने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! हो माझो घोव सगळ्यांचा गाऱ्हाणा घालता, पण तेचा गाऱ्हाणा आजपर्यंत कोणी घालूक नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक हसतच म्हणाले.

"तेची छाती तू बरी केलस, पण डोक्यातली भीती काढूक इसारलस रे म्हाराजा! दिसभर बोटाक चिमटो लावून बसता, तो चिमटो तेच्या हातातसून सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका लिफ्टीत बघून माका बरा वाटणा नाय. तेका परत जिन्यार चढव. हळू चढांदे, दर मजल्यार बसांदे, टीचरांचा डोक्या खावंदे," तिचा आवाज चिरला, "तेची बडबड कानार पडल्याशिवाय माका घास गिळणा नाय रे म्हाराजा!"

या वेळी कुणी ओरडलं नाही. बायका पदराने डोळे पुसत होत्या, विकी हातातल्या स्पीकरकडे बघत होता, आणि मी, जिला दार लावायची सवय, चष्मा काढून पुसत होते. प्रेमा हात जोडून तशीच उभी. सही कुणाचीच होईना. गाऱ्हाणं खरंच वाटेत अडकलं होतं.

तेव्हा बाळा परबांनी छाती भरून श्वास घेतला.

"व्हय म्हाराजाऽऽऽ!"

एकट्याने, मध्ये कुठेही न तुटता, नदीपलीकडच्या लोकांनी वळून बघावं इतका लांब.